खंडेनवमीला घासलेला क्रॉस

सप्टेंबरच्या अखेरीस मी पाच दिवस अमिरातीत होतो. परतल्यापासून भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलंत? उंच मनोरा पाहिला नाही, समुद्रातलं बेट पाहिलं नाही, सोन्याच्या बाजारात पाऊलही टाकलं नाही. एक घर दोनदा पाहिलं आणि एक खोली पाहिली. त्याचीच ही हकीकत. पदकसंग्राहक मंडळाच्या अंकात मी दरवर्षी लिहितो आणि सभासद ते विश्वासाने वाचतात. यंदाचं वाचून तो विश्वास उरणार नाही, हे धरूनच लिहायला बसलो आहे.

नव्या वाचकांसाठी सांगतो. पुण्यात माझं कोरीवकामाचं दुकान आहे. ढाली, चषक, मानचिन्हं यांवर नावं कोरायची, आणि जोडीला जुनी लष्करी पदकं पारखून द्यायची. सोळा वर्षांपूर्वी पाचगणीत एका रशियन बाईंचं सामान विकायला निघालं. बाई शाळेत पियानो शिकवायच्या, एकट्याच होत्या, वारल्या. त्यांच्या बिस्किटांच्या डब्यात मला चार पदकं मिळाली. नेपोलियनशी लढलेल्या रशियन घोडदळातल्या एका अधिकाऱ्याची. लाल मीना केलेला एक क्रॉस, दोन चांदीची गोल पदकं, आणि चांदीचा एक साधा क्रॉस. हा साधा क्रॉस शिपायांना मिळायचा. हा माणूस आधी शिपाई म्हणून भरती झाला, मग अधिकारी झाला, आणि तरीही शिपाईपणातला क्रॉस छातीवर लावत राहिला. बाकी तिन्हींवर कुणाचं नाव नाही. या क्रॉसच्या पाठीवर मात्र पाच आकडी क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढे पलटणीच्या यादीत नाव असतं. चारही पदकं कुणाची, ते सांगणारी तेवढी एकच खूण.

क्रॉसच्या मधोमध घोड्यावर बसलेला, भाला रोखलेला वीर आहे. माझ्या आईने तो पाहिला आणि म्हणाली, खंडोबाच आहे हा. दोन दिवसांवर खंडेनवमी होती. दुकानातली सगळी हत्यारं आम्ही त्या दिवशी घासूनपुसून पूजेला मांडतो. चारही पदकं मी चिंच आणि राखेने लख्ख घासली, पाटावर मांडली, भंडारा वाहिला. दोनशे वर्षांत क्रमांक झिजलाच होता. खाचेत बसलेल्या काळपटपणामुळे तो वाचता यायचा. काळपटपणा गेला आणि मधला आकडा दिसेनासा झाला.

गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं. माझ्याकडे रघुनाथ नावाचा कारागीर होता, गल्लीतला सगळ्यात चांगला हात. त्याला म्हटलं, आकडा परत कोर. तो म्हणाला, "शेठ, जे दिसत नाही ते कोरायचं नाही. गेला म्हणून सांगा." मी त्याला जेवायला पाठवलं आणि आठवणीने सात कोरला. दोन वर्षांनी गिऱ्हाइकाने परदेशातल्या जाणकाराला क्रॉस दाखवला, कोरीव ताजं आहे हे उघड झालं, आणि जाब विचारायला जमलेल्या गल्लीतल्या पंधरा माणसांसमोर मी म्हणालो की कारागिराने परस्पर केलं. रघुनाथ तिथेच उभा होता. "तुम्ही म्हणताय तर तसं," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्याला पुण्यात काम मिळालं नाही.

सिलिकॉन ओएसिस, शुक्रवार

मामेभाऊ सुधीर विमानतळावर न्यायला आला होता. त्याचा इथे कँटीनना जेवण पुरवण्याचा धंदा आहे. काचेचे दरवाजे उघडले आणि चष्म्यावर वाफ धरली, ती पुसेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. सुधीर हसला. "दादा, हे तर काहीच नाही. ऑगस्टमध्ये आला असतास तर इडलीसारखा उकडून निघाला असतास."

त्याचं घर सिलिकॉन ओएसिसमध्ये, अकराव्या मजल्यावर. खाली एकसारख्या इमारती, त्यांच्यामागे वाळू. मनीषाने थालीपीठ आणि दही वाढलं. थालीपिठाची भाजणी मीच पुण्याहून नेली होती. त्यांची इरा दहा वर्षांची. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची.

"काय ग, शाळेत मराठी आहे का?"

"नो काका, ओन्ली अरेबिक अँड फ्रेंच."

मग पदकांचे फोटो बघून तिने विचारलं, "व्हॉट डिड ही डू टु गेट धिस?" त्याने लढाईत शौर्य दाखवलं, मी म्हणालो. हे नक्की कुणाचं ते ठरायचं आहे, हे तिला सांगितलं नाही.

मला बोलावणं आलं होतं ते अल ऐनला राहणाऱ्या नीना सेर्गेयेव्हना नावाच्या एका रशियन वृद्धेकडून. पाचगणीच्या पियानोवाल्या बाई तिच्या आजीची धाकटी बहीण. नीनाबाईंनी विक्रीच्या यादीत फोटो पाहून ती चार पदकं परत मिळवली होती. घराण्यातल्या कागदावर पूर्वजाचा क्रमांक होता. क्रॉसवरच्या क्रमांकाशी तो एका आकड्याने जुळत नव्हता. ज्या गावात ती पलटण होती तिथलं संग्रहालय पदकं घ्यायला तयार होतं, पण क्रमांक कुणी आणि कसा बदलला हे लेखी मिळालं तरच त्या माणसाच्या नावाने मांडणार होतं. पत्रात त्यांनी लिहिलं होतं, तुमच्या कारागिराने बदल केला असं कळतं, तेवढं त्याच्या नावानिशी लिहून सही करून द्या.

"मग काय, पाच मिनिटांचं काम," सुधीर म्हणाला. "साइन कर, खलास. कारागीर काय आता विचारायला येतोय?"

रघुनाथही आता याच देशात होता. त्याचा इथला फोन नंबर तीन वर्षांपासून माझ्या पाकिटात होता. गल्लीतल्या एका सोनाराने दिलेला. मी तो कधी लावला नव्हता.

अल ऐन, शनिवार

अल ऐनचा रस्ता सरळ आणि रुंद आहे. दोन्ही बाजूंना लावलेली झाडं, त्यांच्या मुळाशी पाण्याच्या काळ्या नळ्या. झाडांच्या रांगेपलीकडे तांबूस वाळूचे डोंगर आणि मधेच जाळीच्या कुंपणात उभे उंट. सव्वा तासाने गाव आलं. उंच इमारती नाहीत, बसकी पांढरी घरं आहेत. गावाच्या मधोमध खजुराची मोठी बाग आहे. तिच्यातून हातभर रुंदीचे पाट वाहतात, आपल्याकडे नारळी-पोफळीच्या बागांत असतात तसे. आत शिरलं की ऊन एकदम मागे राहतं. मी तिथे वीस मिनिटं उगाच बसून राहिलो. सुधीर म्हणाला, "दादा, यल्ला, चल आता, बाई वाट बघत असतील."

मनीषाच्या सांगण्यावरून वाटेत फुलं घेतली होती. चाळीस दिरहम. "म्हणजे साडेनऊशे रुपये, बघ," असं सुधीर मोठ्याने म्हणाला, म्हणून दुकानदाराने वर पाहिलं. दहा पांढरी फुलं होती.

दार नीनाबाईंची मुलगी लेना हिने उघडलं. ती तिथल्या एका रुग्णालयात डॉक्टर आहे. मी बाहेरूनच हात पुढे केला, तर तिने मान हलवली, मला आत घेतलं आणि मग हात मिळवला. उंबऱ्यावरून हात मिळवायचा नसतो, म्हणाली. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आपल्याकडेही उंबऱ्यावरून काही देत-घेत नाहीत.

नीनाबाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. नाकाला प्राणवायूची नळी. त्यांनी फुलं मांडीवर घेतली, ओठ हलवत मोजली, एक बाजूला काढलं आणि ते वेगळ्या पेल्यात ठेवायला सांगितलं. लेना ओशाळून म्हणाली, सम संख्येत फुलं आम्ही मेलेल्या माणसाला वाहतो. मी माफी मागितली आणि सांगितलं की आमच्याकडेही आहेर शंभराचा करत नाहीत, एकशे एकाचा करतात. लेनाने ते आईला सांगितलं. बाई थोड्या हसल्या. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली.

चहाबरोबर बशीत चेरीचा मुरंबा आला. तो चहात घालायचा नाही, चमच्याने चाखायचा आणि वरून घोट घ्यायचा. जोडीला उकडलेल्या बटाट्यांवर शेपू चिरून घातला होता. शेपू पाहून सुधीरचा चेहरा पडला. त्याला लहानपणापासून तो आवडत नाही. तरी त्याने दोनदा घेतलं.

मग मखमलीची पेटी आली. सोळा वर्षांनी मी तो क्रॉस पाहिला. तो चांदीचा चमचा असावा तसा चकाकत होता. शेजारच्या गोल पदकावर त्रिकोणात एक डोळा आहे. नीनाबाईंनी ते पदक उलटं करून मागच्या ओळी मला वाचून दाखवल्या. लेनाने अर्थ सांगितला, "आम्हाला नको, आम्हाला नको, तुझ्या नावाला." देवाला उद्देशून.

"आई म्हणते, आमचं घर गेलं, गाव सुटलं, बाबा तिकडेच पुरले आहेत," लेना म्हणाली. "हा माणूस तेवढा त्याच्या नावाने त्याच्या गावी पोचावा. तिला फार दिवस नाहीत, हे तिलाही माहीत आहे."

टाइप केलेला कागद माझ्यापुढे ठेवला होता. त्यात माझं नाव होतं आणि कारागिराच्या नावासाठी रिकामी जागा. मी पेन उघडलं. 'र' लिहिला. एवढं मात्र खरं सांगतो, 'र' लिहिताना मी अडखळलो नाही. मी पुढचं अक्षरही लिहिणार होतो. पेल्यातल्या त्या एकट्या फुलाकडे नजर गेली आणि पेन खाली ठेवलं. चष्मा विसरलो, उद्या देतो, असं सांगितलं. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

परतताना गाडीत मी सुधीरला सगळं सांगितलं. त्याने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "आत्याला माहीत होतं?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला.

मुहैस्नाह, रविवार

सकाळी मी नंबर लावला. रघुनाथने आवाज लगेच ओळखला. "या," म्हणाला, आणि इमारतीचा क्रमांक सांगितला. मी का येतोय, ते विचारलं नाही.

मुहैस्नाह ही कामगारांची वस्ती, तिला इथले सगळे सोनापूर म्हणतात. रांगेने तीन-तीन मजली इमारती, प्रत्येक कठड्यावर वाळत घातलेले निळे कामाचे डगले, आणि खाली उभ्या पांढऱ्या बसगाड्या. रविवारची सुट्टी होती, म्हणून न्हाव्याच्या दुकानाबाहेर रांग होती. सुधीर रोज या भागात जेवणाचे डबे पोचवतो, पण खोलीत तोही पहिल्यांदाच जात होता.

दारात सात जोड चपला. आत दुमजली लोखंडी पलंग, भिंतीला टेकवलेल्या पेट्या, आणि प्रत्येक पलंगाला जुन्या साडीचा किंवा चादरीचा पडदा. रघुनाथ खालच्या पलंगावर बसला होता. केस पूर्ण पांढरे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे तो. उठला, नमस्कार केला, आणि पलंगावर जागा करून दिली.

तेलंगणातला नरसय्या नावाचा त्याचा सोबती चहा करत होता. "रघुभाई के सेठ आये हैं," तो इतरांना म्हणाला. "जिनका रोज नाम लेता है."

"रोज कुठे," रघुनाथ म्हणाला. "मशीन बिघडलं की."

तो एका कारखान्यात नावाच्या पाट्या करतो. संगणकात नाव टाकायचं, यंत्र कोरतं, तो धूळ पुसतो. "हात लागत नाही कशाला," म्हणाला. "अरबीत नावं असतात, मला वाचताही येत नाहीत. पण चुकत नाहीत."

मी सगळं घडाघडा बोललो. नीनाबाई, संग्रहालय, कागद, त्यावर लिहिलेला 'र' सुद्धा. तो खाली बघून ऐकत होता. मग वाकून त्याने पलंगाखालची पेटी ओढली आणि तळातून कापडात बांधलेली एक वही काढली. ती मी लगेच ओळखली. कुठलाही जिन्नस हातात आला की काम सुरू करण्याआधी तो दिव्यावर धरायचा, काजळी बसली की ओलसर पातळ कागदावर दाबायचा, आणि तो ठसा वहीत चिकटवायचा. मग जिन्नस पुसून कामाला घ्यायचा. त्याच्या उस्तादाने लावलेली सवय. मी त्याला हसायचो, गिऱ्हाइकाचे चषक कसले जपून ठेवतोस म्हणून.

त्याने पान उघडलं. काळ्यावर पांढरा, उलटा उमटलेला क्रॉसचा ठसा. खंडेनवमीच्या दोन दिवस आधीचा. नरसय्याने दाढीचा आरसा आणून समोर धरला. मधला आकडा एक होता.

"हे तेव्हा का नाही दाखवलंस?" मी विचारलं.

"दाखवून काय झालं असतं? आकडा कुठला होता ते कळलं असतं. कोरला कुणी, ते वहीत नव्हतं, शेठ. ते तुमच्याकडे होतं."

सुधीर दाराशी उभा राहून बाहेर बघत होता.

"मी आज माझं नाव लिहून देतो," मी म्हणालो. "हे पान दे."

"पान तुमच्या हातात देणार नाही." आवाज चढला नव्हता. "मी येतो. माझ्या हाताने देतो बाईंना."

त्याने पेटीतून इस्त्रीचा शर्ट काढला. नरसय्या म्हणाला, "वाह, दूल्हा बन गया." कुणीतरी हसलं. शर्टाची बटणं लावताना रघुनाथ माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "चार वर्षांपूर्वी आई गेली. रजा मिळाली नाही. गावात तिला लोक विचारायचे, पोरगा पुण्याहून का गेला. ती म्हणायची, हातून चूक झाली त्याच्या. मी सांगितलं होतं तिला, माझी नव्हती म्हणून. तिला वाटायचं, पोरगा आहे, असंच म्हणणार."

मी चहाचा कप तसाच धरून होतो.

"चहा प्या," तो म्हणाला. "गार होतोय."

पुन्हा अल ऐन, त्याच दुपारी

रघुनाथ पुढे बसला, मी मागे. बारा वर्षं या देशात असून त्याने उंट जवळून पाहिला नव्हता. सुधीरने न सांगता गाडी हळू केली.

नीनाबाईंच्या दारात तो वही छातीशी धरून उभा राहिला. लेना घ्यायला पुढे आली, पण तिने आधी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं. वही त्याने नीनाबाईंच्या मांडीवर उघडली. त्यांनी आरसा मागवला, घराण्याचा कागद मागवला, आणि पाचही आकडे बोट ठेवून एकेक करून जुळवले. मग दुसऱ्यांदा जुळवले. मग डोळे मिटले.

लेनाने विचारलं, "आईला जाणून घ्यायचंय. तुम्हा दोघांपैकी कोरला कुणी?"

"मी," मी म्हणालो. "याने नको म्हटलं होतं. आणि नंतर मी याच्यावर ढकललं."

लेनाने भाषांतर करायला वेळ घेतला, की मला तसं वाटलं, कोण जाणे. नीनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. रघुनाथकडे बघून त्या काहीतरी म्हणाल्या. लेनाने सांगितलं, "आई विचारते, तो आकडा तुम्ही आता नीट कराल का? सातचा एक?"

रघुनाथने खिशातून भिंग काढलं, क्रॉस खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"सात बरा कोरलाय, शेठ," तो मराठीत म्हणाला. "हात चांगला होता तुमचा."

मग लेनाला हिंदी-इंग्रजी मिसळून सांगितलं की नाही, आता काहीही कोरायचं नाही. हा सात राहू दे, शेजारी हे पान ठेवा आणि शेठचा कागद ठेवा. बघणाऱ्याला सगळं दिसलं पाहिजे. त्याने ब्लेड मागून घेतलं आणि पान शिवणीजवळून इतकं सरळ कापलं की वहीत त्याची कडाही उरली नाही.

मी कागद नव्याने लिहिला. इंग्रजीत एक, मराठीत दोन. रघुनाथने साक्षीदार म्हणून सही केली. मराठीतल्या दोनांपैकी एक प्रत त्याने घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, भावाला पाठवायची म्हणून. निघताना नीनाबाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. माझ्याकडे बघून मान हलवली, एवढंच. ते माझ्या अपेक्षेपेक्षा जास्तच होतं.

मुहैस्नाहला उतरल्यावर मी त्याला म्हणालो, "पुण्याला परत ये. दुकान तुझंच समज."

"आता डोळे राहिले नाहीत," तो म्हणाला. "भिंगातून पण दोन-दोन दिसतं." मग सुधीरकडे वळून हसला. "साहेब, गुरुवारच्या डब्यात वरण फार पातळ असतं. तेवढं बघा."

पुणे

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मराठी कागदाच्या प्रती काढून मी गल्लीत निघालो. त्या दिवशी हजर असलेल्या पंधरापैकी नऊजण आता राहिले आहेत. पहिलं दुकान नानांचं. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, तेव्हा सगळ्यांच्या पुढे बसले होते. मी सांगितलं, रघुनाथबद्दल बोलायचंय.

"कोण रघुनाथ?"

"माझ्याकडे होता, कारागीर."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाले, "हां, तो खोटे आकडे कोरायचा तोच ना? नाव काही लक्षात नाही त्याचं."

मी कागद काउंटरवर ठेवला. नानांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. खालची माझी सही पाहिली, वर पाहिलं, परत वाचलं. मग आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे सरकवली.

"हे ठेव तुझ्याकडे, श्रीकांत," हलक्या आवाजात म्हणाले. "इतकी वर्षं झाली. आता उगाच तुझं नाव कशाला खराब करून घेतोस?"

मी घडी उलगडली, काउंटरच्या काचेखाली, सगळ्यांना वाचता येईल असा तो कागद सरकवला, आणि पुढच्या दुकानाची पायरी चढलो.